पाब्लो काझाल्स : सत्त्व आणि स्नेह

१९५० सालच्या जून महिन्यात दक्षिण फ्रान्समधील प्राद या लहानशा गावी संगीताचा एक उत्सव भरला. पिरिनीज पर्वताच्या कुशीत, कानिगू शिखराच्या पायथ्याशी हे गाव वसलेले आहे. तेथे मोठे नाट्यगृह नव्हते, की संगीतसभेसाठी मुद्दाम बांधलेले सभागृह नव्हते. म्हणून गावातील जुन्या चर्चमध्येच वादकांसाठी जागा करण्यात आली. परंतु त्या जागी येऊन बसलेले वादक कोण होते? आयझॅक स्टर्न, जोसेफ सिगेटी, रुडॉल्फ सर्किन, क्लारा हास्किल! ज्यांच्या एकेका मैफलीसाठी न्यू यॉर्क आणि लंडनच्या रसिकांनी रांगा लावाव्यात, ती मंडळी या आडगावी आपण होऊन आली होती. बाख या थोर जर्मन संगीतकाराच्या मृत्यूला त्या वर्षी दोनशे वर्षे पूर्ण होत होती, हे उत्सवाचे निमित्त. खरे कारण मात्र निराळे होते. त्या गावात त्र्याहत्तर वर्षांचा एक वृद्ध वादक राहत होता. तो जगाकडे यायला तयार नव्हता, म्हणून जग त्याच्याकडे आले होते.

त्या वृद्धाचे नाव पाब्लो काझाल्स. त्यांचे वाद्य चेलो. व्हायोलिनच्याच कुळातले, पण आकाराने पुष्कळ मोठे, गुडघ्यांत उभे धरून गजाने वाजवायचे आणि पुरुषाच्या धीरगंभीर कंठाशी जवळचे नाते सांगणारे असे हे वाद्य. विसाव्या शतकात या वाद्यावर काझाल्स यांच्याइतका अधिकार दुसऱ्या कोणी क्वचितच गाजवला असेल. असा हा वादक महायुद्ध संपल्यानंतर काही महिन्यांतच जाहीर मैफलींतून निवृत्त झाला होता. हात थकले होते म्हणून नव्हे, किंवा मागणी आटली होती म्हणूनही नव्हे. अमेरिकेतून येणारी मोठमोठ्या रकमांची आमंत्रणे ते परत पाठवीत होते. ज्या राष्ट्रांनी आपल्या मायभूमीवरील जुलमी राजवट मुकाट्याने मान्य केली, त्या राष्ट्रांत आपण वाजवायचे नाही, असा त्यांचा निश्चय होता.

कलावंताने आपल्या कलेलाच असे पणाला लावावे काय? आणि लावलेच, तर त्यातून निष्पन्न काय होते? काझाल्स यांच्या दीर्घ आयुष्यात हा प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिला. त्याचे उत्तर शोधताना त्यांच्या सत्त्वाची परीक्षा तर झालीच, पण त्यांच्या स्नेहाचीही झाली.

पाब्लोचा जन्म २९ डिसेंबर १८७६ रोजी कॅटलोनिया प्रांतातील व्हेन्द्रेल या गावी झाला. वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत आणि गावातील मुलांना संगीत शिकवीत. मिळकत बेताची. संगीतावर पोट भरणे किती कठीण असते, हे स्वतः भोगलेले असल्यामुळे मुलाला सुताराच्या हाताखाली द्यावे असे त्यांच्या मनात होते. आई मात्र ठाम होती. मुलाच्या अंगी जे आहे ते वाया जाऊ द्यायचे नाही, असे म्हणून तिने त्याला अकराव्या-बाराव्या वर्षी बार्सिलोनाला नेले. ही बाई विलक्षण करारी असली पाहिजे. पुढे तिच्या धाकट्या मुलाला सक्तीच्या लष्करी नोकरीचे बोलावणे आले, तेव्हा तिने त्याला सांगितले की, तू कोणाला मारण्यासाठी जन्मलेला नाहीस आणि कोणाकडून मारला जाण्यासाठीही नाहीस. देश सोडून जा. आणि तो गेला. कायद्यापेक्षा विवेकाचे म्हणणे मोठे मानावे, हा पाठ काझाल्स यांनी पहिल्यांदा आईच्या तोंडूनच ऐकला.

बार्सिलोनातील एका कॅफेत हा मुलगा रोज संध्याकाळी चेलो वाजवीत असे. लोक खातपीत असत, गप्पा मारीत असत आणि मुलगा वाजवीत असे. थोड्याच दिवसांत त्याने मालकाचे मन वळवून आठवड्यातील एक रात्र केवळ अभिजात संगीतासाठी राखून घेतली. १८९० साली, वयाच्या तेराव्या वर्षी, बंदराजवळच्या एका जुन्या दुकानात वडिलांबरोबर वाद्यसंगीताची पुस्तके चाळीत असताना त्याला बाखच्या चेलोसाठी लिहिलेल्या सहा एकल रचना सापडल्या. त्या काळी या रचनांकडे कोरड्या अभ्यासाचे पाठ म्हणूनच पाहिले जाई. आपल्याकडे विद्यार्थ्याने पलटे घोटावेत, पण मैफलीत कोणी नुसते पलटे मांडू नयेत, तशी त्यांची गत होती. एखादा तुकडा कोणी वाजवला तर वाजवला. संपूर्ण रचना श्रोत्यांपुढे मांडण्याचे धाडस कोणी करीत नसे. पाब्लोने त्या पानांत काव्य पाहिले. तो रोज त्यांचा रियाज करू लागला. परंतु त्यांतील एक संपूर्ण रचना लोकांपुढे वाजवण्यापूर्वी त्याने बारा वर्षे जाऊ दिली. ज्याला प्रसिद्धीची घाई असते, तो बारा वर्षे थांबत नाही. १९३६ ते १९३९ या काळात त्यांनी या सहाही रचनांचे ध्वनिमुद्रण केले आणि आज जगातील प्रत्येक चेलोवादक त्यांना आपल्या वाद्याचा वेद मानतो, त्याचे मूळ त्या जुन्या दुकानात आहे.

आश्रयदाते त्यालाही लाभले. माद्रिद येथे काउंट मॉर्फी या संगीतप्रेमी सरदाराने त्याला आपल्या छायेखाली घेतले आणि राणी मारिया ख्रिस्तिनाकडून शिष्यवृत्ती मिळवून दिली. १८९५ साली, अठराव्या वर्षी, पुढील शिक्षणासाठी त्याची रवानगी ब्रुसेल्सच्या संगीत-विद्यालयात झाली. तेथे जे घडले ते काझाल्स यांनी उतारवयात मोठ्या रसाने सांगितले आहे. वर्गातील चेलोच्या अध्यापकाने या स्पेनहून आलेल्या, तोकड्या अंगयष्टीच्या आणि साध्या वेषाच्या मुलाकडे पाहून उपहासाने विचारले की, काय काय येते? एकेका रचनेचे नाव घेत गेल्यावर मुलाने प्रत्येकीला होकार दिला, तेव्हा साऱ्या वर्गात हशा पिकला. मग मुलाने चेलो उचलला आणि वाजवला. वर्ग चिडीचूप झाला. अध्यापकाने त्याला बाजूला नेऊन आपल्या वर्गात राहण्याचा आग्रह केला, पहिल्या पारितोषिकाचे आश्वासनही दिले. मुलाने उत्तर दिले की, आपण सर्वांच्या देखत माझा अपमान केला, आता मी येथे एक क्षणही थांबणार नाही. दुसऱ्याच दिवशी आईसह तो पॅरिसला निघून गेला.

ब्रुसेल्सला शिकण्याच्या अटीवर मिळालेली शिष्यवृत्ती अर्थातच बंद झाली. पॅरिसमधले ते दिवस हलाखीचे होते. मुलगा एका करमणुकीच्या नाट्यगृहात वाजवून चार पैसे मिळवीत असे आणि आई शिवणकाम करीत असे. एके दिवशी आई घरी आली ती आपले लांबसडक काळेभोर केस कापून, विकून. तिने त्याची वाच्यता केली नाही, मुलाला दोषही दिला नाही. एका क्षणाच्या स्वाभिमानासाठी एवढी किंमत मोजावी काय, असे व्यवहारी माणूस विचारील. या घरात मात्र तो प्रश्न कोणी विचारला नाही.

कीर्ती फार काळ लांब राहिली नाही. १८९९ साली लंडन आणि पॅरिस या दोन्ही राजधान्यांनी हा तरुण वादक उचलून धरला. त्याच वर्षी त्याने राणी व्हिक्टोरियापुढे वादन केले, १९०४ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी, व्हाइट हाउसमध्ये, थिओडोर रूझवेल्ट यांच्यासमोर केले. याच वर्षांत पॅरिसमध्ये त्याचे दोन जिवलग स्नेही झाले. पियानोवादक आल्फ्रेड कॉर्तो आणि व्हायोलिनवादक जाक तिबो. तिघेही तरुण, तिघेही आपापल्या वाद्यात निपुण. जगभर हिंडून परत आले की ते एकत्र जमत आणि कोणाला ऐकवण्यासाठी नव्हे, तर केवळ स्वतःच्या आनंदासाठी वाजवीत. त्या घरगुती बैठकींतून एक त्रिकूट जन्मास आले आणि पंचवीस वर्षांहून अधिक काळ ते टिकले. बीथोव्हेन, शूबर्ट आणि मेंडेल्सझोन यांच्या रचनांची त्यांनी १९२६ ते १९२८ या काळात केलेली ध्वनिमुद्रणे आजही आदर्श मानली जातात. तीन वाद्यांनी एकमेकांना वाट करून द्यावी, एकाने बोलावे, दुसऱ्याने ऐकावे, तिसऱ्याने त्याला होकार भरावा, ही स्नेहाची रीत त्या ध्वनिमुद्रणांतून स्पष्ट ऐकू येते.

स्वतःला लाभलेले यश कोणाच्या उपयोगी पडावे, हा विचार काझाल्स यांच्या मनात याच सुमारास बळावला असावा. १९२० साली त्यांनी बार्सिलोना येथे स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. त्या शहरातील वादकांना इतके अल्प वेतन मिळे की पोटासाठी त्यांना इतर कामे करावी लागत. काझाल्स यांनी ते वेतन दुप्पट केले आणि येणारी तूट जगभरच्या आपल्या मैफलींच्या उत्पन्नातून कित्येक वर्षे भरून काढली. तेवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. तिकीट घेऊन येणारा श्रोता सुखवस्तू होता. कारखान्यात राबणारा मजूर सभागृहाच्या दारापर्यंतही पोहोचत नव्हता. तेव्हा मजुरांसाठी एक संगीतसंस्था निघाली. ज्याची मिळकत दरमहा ५०० पेसेटांहून कमी, तोच तिचा सभासद होऊ शके. रविवारी सकाळी त्यांच्यासाठी खास मैफली होत. सभासदांनी आपले नियतकालिक चालवले, ग्रंथालय काढले. संस्थेचा कारभार मजूरच पाहत. काझाल्स यांनी तेथे उपकारकर्त्याची भूमिका घेतली नाही. ते त्या संस्थेचे वादक होते, इतकेच.

राजकारणी माणसाचा पिंड त्यांचा नव्हता. पण संगीत आणि माणुसकी या दोन वेगळ्या खोल्या आहेत, हे त्यांना मान्य नव्हते. १९१७ नंतर त्यांनी रशियात वाजवणे थांबवले. १९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली, तेव्हा बर्लिनचे विख्यात संचालक फुर्टव्हेंगलर यांनी त्यांना आग्रहाने बोलावले. काझाल्स गेले नाहीत. ज्या देशाने त्यांना बाख आणि बीथोव्हेन दिले, त्या देशाकडे पाठ फिरवणे त्यांना सोपे गेले नसेल. मुसोलिनीच्या इटलीचा मार्गही त्यांनी बंद केला. एकेक नगरी, एकेक सभागृह असे त्यांच्या नकाशावरून पुसले जाऊ लागले.

मग त्यांच्या स्वतःच्या घराला आग लागली. १८ जुलै १९३६ रोजी सायंकाळी बार्सिलोनात बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीची तालीम चालली होती. शेवटचा भाग सुरू होण्यापूर्वी निरोप आला की, लष्कराने बंड केले आहे, शहरात केव्हाही धुमश्चक्री उडेल, सर्वांनी ताबडतोब घरी जावे. काझाल्स यांनी तो निरोप वादकांना आणि गायकांना वाचून दाखवला आणि विचारले, आपण आताच निघायचे की हा शेवटचा भाग पुरा करून एकमेकांचा निरोप घ्यायचा? सर्वांनी पुरा करायचे ठरवले. मनुष्यमात्राच्या बंधुत्वाचे ते गान गात असताना संचालकाला डोळ्यांतील पाण्यामुळे समोरची पाने दिसेनाशी झाली. तो वाद्यवृंद पुन्हा तसा एकत्र आला नाही.

यादवी युद्धाच्या काळात काझाल्स मैफली करून औषधांसाठी आणि अनाथ मुलांसाठी पैसा जमवीत राहिले. बंडखोरांच्या एका सेनापतीने रेडिओवरून जाहीर केले की, हा माणूस हाती लागला तर त्याचे दोन्ही हात कोपरापासून तोडू. ऑक्टोबर १९३८ मध्ये बार्सिलोनातील लिसेउ नाट्यगृहात त्यांनी बालकांच्या मदतीसाठी मैफल केली. मध्यंतरात त्यांनी रेडिओवरून लोकशाही राष्ट्रांना आवाहन केले की, स्पेनच्या प्रजासत्ताकाचा बळी जाऊ देऊ नका. आवाहन ऐकले गेले. त्याचे उत्तर कोणी दिले नाही. १९३९ च्या प्रारंभी बार्सिलोना पडली आणि सुमारे पाच लाख माणसे बर्फाळ डोंगर ओलांडून फ्रान्समध्ये शिरली. आर्जेलेस, रिव्हसाल्त अशा ठिकाणी काटेरी तारांच्या आत त्यांना ठेवण्यात आले. थंडी, उपासमार आणि रोगराई यांनी तेथे थैमान घातले.

काझाल्स यांना जगाच्या पाठीवर कोठेही सुखाने राहता आले असते. त्यांनी प्राद गाव निवडले, कारण तेथून छावण्या जवळ होत्या आणि मायभूमीचे डोंगर दिसत होते. ते छावण्यांतून हिंडत, अन्न आणि कपडे पोहोचवीत, उरलेल्या वेळात देशोदेशीच्या परिचितांना मदतीसाठी पत्रे लिहीत. निर्वासितांच्या प्रत्येक पत्राला स्वहस्ते उत्तर देण्याचा त्यांचा परिपाठ होता. संधिवाताने आखडणाऱ्या बोटांनी दिवसाचा मोठा भाग लेखणी धरावी आणि मग चेलोच्या तारांवर ती बोटे पुन्हा सैल करावीत, असा क्रम होता. कवी जुआन आलाव्हेद्रा हे कुटुंबासह त्यांच्याबरोबर एकाच घरात राहत. आपल्या छोट्या मुलीसाठी त्यांनी ख्रिस्तजन्मावर एक काव्य लिहिले होते. काझाल्स यांनी युद्धाच्या त्या अंधाऱ्या दिवसांत त्याला स्वरसाज चढवण्यास आरंभ केला. हेच पुढे ‘एल पेसेब्रे’ या नावाने प्रसिद्धीस आले. एका मित्राने आपल्या लेकीसाठी लिहावे आणि दुसऱ्याने त्यातून विश्वशांतीची प्रार्थना रचावी, अशी ही दोन निर्वासितांची मैत्री.

जर्मन सैन्याने दक्षिण फ्रान्सही व्यापल्यावर काही जर्मन अधिकारी या घरी आले. त्यांनी अत्यंत आदराने काझाल्स यांना बर्लिनला येण्याचे निमंत्रण दिले. काझाल्स यांनी नकार दिला. मग निदान आमच्यासाठी येथेच थोडे वाजवा, अशी विनंती झाली, तेव्हा त्यांनी संधिवाताचे कारण पुढे केले. अधिकारी चेलो पाहून निघून गेले. त्या दिवसांत असा नकार देणे म्हणजे प्राणांशी खेळ होता.

याच काळात पॅरिसमध्ये मात्र त्यांचा जुना स्नेही कॉर्तो निराळ्या वाटेने गेला. जर्मनांशी सहकार्य करणाऱ्या व्हिशी सरकारात त्याने कलाविषयक अधिकारपद स्वीकारले आणि प्रत्यक्ष युद्ध चालू असताना जर्मनीत जाऊन मैफलीही केल्या. त्याच्या बाजूने बोलणारे म्हणत की, संगीताला सीमा नसतात आणि फ्रेंच कलावंतांच्या हितासाठीच तो तेथे होता. विचित्र गोष्ट अशी की संगीताला सीमा नसतात, हे वाक्य काझाल्स यांनाही मान्य झाले असते. दोघांनी त्यातून काढलेला अर्थ मात्र परस्परविरुद्ध होता. कॉर्तोच्या मते संगीत सीमेपलीकडे जाते, म्हणून वादकाने कोठेही वाजवावे. काझाल्स यांच्या मते संगीत सर्व माणसांचे आहे, म्हणून जेथे माणसाला माणूस मानत नाहीत तेथे वाजवणे हा त्या संगीताचाच द्रोह होय.

युद्ध संपले. हिटलर आणि मुसोलिनी गेले, त्याअर्थी स्पेनमधील फ्रँकोही जाईल, अशी आशा लाखो निर्वासितांना होती. १९४५ साली काझाल्स इंग्लंडला गेले. तेथे त्यांचे अपूर्व स्वागत झाले. परंतु काही महिन्यांतच त्यांना कळून चुकले की, विजयी राष्ट्रांना स्पेनच्या प्रश्नात हात घालायचा नाही. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्ही विद्यापीठांनी देऊ केलेल्या सन्माननीय पदव्या त्यांनी नाकारल्या आणि ते प्रादला परतले. आजवर त्यांनी शत्रूंच्या देशांत वाजवायचे नाकारले होते. आता मित्रराष्ट्रांतही वाजवायचे नाही असे ठरले, तेव्हा वाजवायला जागाच उरली नाही.

या मौनाच्या दिवसांतच केव्हातरी प्रादच्या त्या घराचे दार कॉर्तोने ठोठावले. काझाल्स यांच्या आठवणीप्रमाणे त्याने कोणतीही सबब सांगितली नाही. आपण जर्मनांशी सहकार्य केले, त्याची लाज वाटते आणि क्षमा मागण्यासाठी आलो आहोत, एवढेच तो बोलला. काझाल्स यांनी त्याला सांगितले की, तू सत्य बोललास म्हणून क्षमा करतो, आणि त्याच्या हाती हात दिला. छावण्यांत तडफडून मेलेल्या माणसांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार त्यांना होता काय, असा प्रश्न कठोर मनाचा माणूस विचारू शकेल. बहुधा तो त्यांनी स्वतःलाही विचारला असेल. त्यांनी मित्राचे कृत्य सौम्य करून दाखवले नाही. खोटे बोलून ही मैत्री राखली असती तर तिला अर्थ उरला नसता. सत्य दोघांनी मान्य केल्यावर मात्र त्यांनी दार लावून घेतले नाही.

मौन मोडण्याचे श्रेयही स्नेह्यांनाच आहे. बुडापेस्ट चतुष्टयातील व्हायोलिनवादक अलेक्झांडर श्नायडर काझाल्स यांच्याकडे बाख शिकण्यासाठी येत असे. अमेरिकेला येण्याचा त्याचा आग्रह काझाल्स यांनी मानला नाही. परंतु काझाल्स यांचे जुने सहवादक, पियानोवादक होर्शोव्स्की, यांच्या सूचनेवरून त्याने दुसरा उपाय काढला. तुम्ही शपथ मोडू नका. आम्हीच प्रादला येतो, असे त्याने सांगितले. मित्राच्या निश्चयाला धक्का न लावता त्याला त्याच्या कोंडीतून बाहेर काढणे, ही मैत्रीची फार नाजूक कला आहे. श्नायडरला ती साधली. उत्सवाचे उत्पन्न पेर्पिन्याँ येथील निर्वासितांच्या रुग्णालयाला द्यायचे ठरले आणि काझाल्स राजी झाले. १९५० च्या जूनमधील त्या संध्याकाळी त्यांनी बाखची पहिली एकल रचना वाजवली. चर्चमध्ये टाळ्या वाजवायच्या नाहीत असा संकेत होता. त्या निःशब्द शांततेत त्यांचे पुनरागमन झाले.

काझाल्स यांच्या असहकाराने फ्रँकोची सत्ता डळमळली नाही, हे मान्य केले पाहिजे. १९५३ साली अमेरिकेने स्पेनशी लष्करी तळांचा करार केला. १९५५ साली स्पेनला संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश मिळाला. व्यवहाराच्या तराजूत त्यांचे मौन हलके ठरले. परंतु छावणीतील निर्वासिताला कोणीतरी आपल्यासाठी आपले सर्वस्व बाजूला ठेवले आहे, ही जाणीव त्या पत्रांतून मिळत होती, आणि तिचे मोल राजकारणाच्या हिशेबात बसत नाही. ज्याच्या देशाचे नाव जगातील दरबारांनी पुसून टाकले होते, त्याच्या देशाची आठवण एका वादकाच्या रिकाम्या खुर्चीने जागी ठेवली होती.

पुढील काळात ते आपल्या आईच्या जन्मभूमीत, पोर्तो रिको बेटावर राहण्यास गेले. तेथे १९५७ साली त्यांच्या नावाने भरवलेल्या उत्सवाच्या तालमीत त्यांना हृदयविकाराचा झटका आला. श्नायडरने उत्सव रद्द होऊ दिला नाही. संचालकाचा चौथरा त्याने रिकामा ठेवला आणि आपल्या जागेवरूनच व्हायोलिन वाजवीत साऱ्या वाद्यवृंदाला सांभाळले. १९५८ च्या उन्हाळ्यात प्रादच्या उत्सवात आणखी एक प्रसंग घडला. ऐंशी वर्षांचा कॉर्तो आणि एक्याऐंशी वर्षांचे काझाल्स एकत्र बसले आणि त्यांनी बीथोव्हेन वाजवला. तिसरा मित्र तिबो १९५३ साली विमान-अपघातात मरण पावला होता. कॉर्तोची बोटे आता पूर्वीसारखी चालत नव्हती, स्वर निसटत होते. पण ऐकणाऱ्यांना ठाऊक होते की, ही दोन माणसे किती दूर जाऊन पुन्हा त्या एका लयीवर येऊन पोहोचली आहेत. चार वर्षांनी कॉर्तोचे निधन झाले.

त्याच वर्षी, २४ ऑक्टोबर १९५८ रोजी, काझाल्स यांनी न्यू यॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या सभागृहात वादन केले. ती भूमी कोणत्याही एका राष्ट्राची नाही, म्हणून तेथे वाजवल्याने आपली प्रतिज्ञा भंगत नाही, असा त्यांचा विचार होता. १३ नोव्हेंबर १९६१ रोजी ते राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या निमंत्रणावरून व्हाइट हाउसमध्ये वाजवण्यास गेले. पहिल्या वादनाला तेव्हा सत्तावन्न वर्षे उलटली होती. काहींना हा त्यांच्या निश्चयातील शिथिलपणा वाटला. पण निश्चय हा दगडासारखा असावा असे काझाल्स यांनी कधी म्हटले नव्हते. एका नव्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची इच्छा त्यांच्यात अजून शाबूत होती. १९६२ पासून त्यांनी ‘एल पेसेब्रे’ ही आपली कृती घेऊन शांततेच्या प्रचारासाठी देशोदेशी संचार केला.

२४ ऑक्टोबर १९७१ रोजी, चौऱ्याण्णव वर्षांचे असताना, ते पुन्हा संयुक्त राष्ट्रसंघात आले. तेथे त्यांना शांतिपदक देण्यात आले. त्या दिवशी त्यांनी कॅटलोनियातील एक जुनी नाताळची लोकधून वाजवली, ‘पक्ष्यांचे गाणे’. वनवास सुरू झाल्यापासून आपल्या मैफलींचा शेवट ते याच धुनीने करीत आले होते. आपल्या देशातील पाखरे आकाशात जाऊन शांती, शांती असे गातात, असे त्यांनी त्या सभेला थरथरत्या आवाजात सांगितले. त्यांचे कॅटलन भाषेतील मूळ नाव पाउ. त्या भाषेत पाउ या शब्दाचा अर्थही शांती असाच आहे.

२२ ऑक्टोबर १९७३ रोजी पोर्तो रिको येथे त्यांचे देहावसान झाले. फ्रँको त्यानंतर दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९७५ मध्ये, मरण पावला. हा वृद्ध आणखी दोन वर्षे जगता तर स्वतःच्या पायांनी घरी परत जाऊ शकला असता. १९७९ साली, स्पेनमध्ये लोकशाही आल्यावर, त्यांच्या अस्थी व्हेन्द्रेलला नेण्यात आल्या. ज्या गावातील सुताराच्या हाताखाली या मुलाला द्यायचे एके काळी घाटत होते, त्याच गावाच्या मातीत आता ते विसावले आहेत. तेथून पिरिनीजच्या पलीकडे प्रादचे ते चर्च आहे आणि प्रत्येक उन्हाळ्यात तेथे अजूनही संगीताचा उत्सव भरतो.